दोन मुठींचं सोनं

फ्लॉइड मेवेदरचं नाव बॉक्सिंग न पाहणाऱ्यालाही ठाऊक असतं. सोमलक कामसिंगचं मात्र थायलंडबाहेर फारसं कुणाला नाही. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दोघेही 57 किलो गटात होते. उपांत्य फेरीत मेवेदर बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवकडून 9-10 असा हरला (त्या निकालावर अमेरिकन अजून बोटं मोडतात), आणि अंतिम फेरीत त्याच तोदोरोवला सोमलकने 8-5 असं नमवलं. थायलंडचं हे पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक! ईशान्येकडच्या खोन केनचा हा पोरगा मुए थाईत, म्हणजे थाई बॉक्सिंगमध्ये वाढलेला. तिथे कोपर, गुडघा, लाथ सगळं चालतं. ऑलिंपिकच्या रिंगणात हाताशी उरतात फक्त दोन मुठी. पण लाथा चुकवता चुकवता नजर तयार झालेली. समोरच्याला वार करू द्यायचा, ऐन वेळी मान मागे घ्यायची आणि त्याचा हात माघारी जायच्या आत ठोसा लगावून गुण वसूल करायचा, ही त्याची रीत. 1994 आणि 1998च्या आशियाई स्पर्धांतही सुवर्ण त्याचंच. सिडनी, अथेन्स ऑलिंपिकला मात्र हाती काही लागलं नाही. तरी माझ्या मते अटलांटाच्या त्या गटातला सगळ्यांत डोकेबाज खेळाडू मेवेदर नव्हे, सोमलकच.