मजुराचा मज्जारज्जू आणि कलम 41

चाकूर तालुक्यातला मजूर विहिरीत पडतो, झाडावरून कोसळतो, उसाच्या ट्रॉलीवरून खाली येतो. लोक धावतात, हातपाय धरून उचलतात आणि जीपमध्ये कोंबतात. तेथेच घात होतो. मणका मोडलेला असेल तर मान-पाठ हलताच आतला मज्जारज्जू अधिक चिरडतो. 108 ला फोन करावा, माणूस हलवू नये. हलविणे भागच असेल तर डोके, मान, कंबर एका रेषेत धरून चौघांनी फळीवर घ्यावे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचा निरोप नेणारी तार. मानेत तुटली तर चारही हातपाय जातात, पाठीत तुटली तर पाय. अर्धवट इजेत कधी पायांपेक्षा हातच लुळे पडतात, कधी एका बाजूची ताकद आणि दुसऱ्या बाजूची वेदना जाते. लुळे पाय जगाला दिसतात. लघवी-शौचावरचा गेलेला ताबा, बधिर पाठीवरच्या जखमा, मूत्रपिंडाचा बिघाड मात्र घरातच कुजतो. अपघातातून वाचलेला माणूस पुढे अनेकदा यानेच दगावतो. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि वेळेवर स्वच्छ नळीने लघवी काढणे, एवढ्यानेही आयुष्य वाढते.

1965 च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. चाकाच्या खुर्चीतल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात अपंगांची संस्था उभी केली. जखमी जवानासाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. आमच्या मजुरासाठी काय आहे?

कायदा आहे. पाय गेलेल्या कारकुनाचे आणि पाय गेलेल्या हमालाचे नुकसान सारखे नसते. नुकसानभरपाई ठरविताना नुसती अपंगत्वाची टक्केवारी न पाहता कमाईची क्षमता किती गेली ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार प्रकरणात स्पष्ट केले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 खाली जास्त आधाराची गरज असणाऱ्याला अर्ज करता येतो. म्हणून प्रमाणपत्र, पोलीस पंचनामा, मजुरीचा पुरावा पहिल्याच दिवसापासून जपा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

संविधानाचे कलम 41 आजारपणात व अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगते. त्यातल्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांआड शासनाने किती काळ दडायचे? लातूरला मज्जारज्जू रुग्णांसाठी स्वतंत्र पुनर्वसन कक्ष हवा. लघवीच्या नळ्या, हवेची गादी आणि घरी येणारी परिचारिका तालुक्यातच मिळायला हवी. ही भीक नव्हे, हक्क आहे. तो मागायला अंथरुणावरचा माणूस येऊ शकत नाही. त्याच्या वतीने आपण उभे राहिले पाहिजे.