पणजीची अकरा बाळंतपणं आणि मुंबईची जुनी नोंदवही

“डॉक्टर, पूर्वी कुठे होत्या एवढ्या लशी? माझ्या पणजीची अकरा बाळंतपणं घरीच झाली!”

बाळाची लस टाळणारे आईवडील हे हमखास ऐकवतात. मी उलट एकच विचारतो: अकरांपैकी मोठी किती झाली? बहुतेकांना ठाऊक नसतं. गेलेल्या बाळांची आठवण घरात फार काळ टिकत नाही. पण जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींत ती सापडतात.

दोन महायुद्धांच्या मधली मुंबई घ्या. १९२१ साली शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे वर्षाच्या आतल्या बाळांचे सुमारे ६६७ मृत्यू नोंदले गेले. म्हणजे तिनांतली दोन बाळं गेली का? नाही. हा आकडा फुगलेला आहे. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर गावी जात. जन्म तिकडे, आणि बाळ परत आल्यावर दगावलं तर मृत्यू मुंबईत मोजला जाई. शिवाय बरेच जन्म नोंदलेच जात नसत.

तेव्हा हा आकडा बाजूला ठेवू. त्याच वर्षी खोल्यांप्रमाणेही हिशेब झाला होता. एका खोलीत राहणाऱ्यांत हे प्रमाण हजारी ८२८ होतं. तेही फुगलेलंच. पण चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांतही ते १३३ होतं. या घरांत दूध होतं, तूप होतं, उजेड आणि हवा होती. ‘शुद्ध, नैसर्गिक’ म्हणून आज ज्याचे गोडवे गातात, त्यातलं बरंच काही होतं. तरी साधारण सात-आठ बाळांमागे एक बाळ पहिला वाढदिवस पाहत नव्हतं. २०२० साली महाराष्ट्राचा दर हजारी १६ होता. श्रीमंतांच्या त्या घरांपेक्षा आठपट कमी, आणि यात आजची गरीब घरंही आली.

तेव्हा काय नव्हतं? देवीची लस सोडली तर आजच्या बहुतेक लशी इथल्या बाळांना मिळत नव्हत्या. न्यूमोनियावर प्रतिजैविकं नव्हती. जुलाबावर मीठ-साखरेच्या पाण्याचं शास्त्र नव्हतं. नाळ कापताना धनुर्वात होई. आणि ‘घरगुती उपाय’ म्हणाल, तर आई गिरणीत जाताना बाळ निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची सर्रास पद्धत होती.

“पण आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले!” जगले, आनंद आहे. पण १९२१ ते १९३१ या दशकात भारतीयांचं सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक सत्ताविशीत म्हातारे होत असा नाही. असंख्य मुलं पाळण्यातच गेली म्हणून सरासरी खाली आली. तुम्हाला आजोबा दिसतात, कारण ते वाचले. त्यांची न वाचलेली भावंडं व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवत नाहीत.

एकट्या लशीने हे बदललं असा माझा दावा नाही. स्वच्छ पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं, औषधं, शिकलेल्या आया या सगळ्यांनी मिळून बदललं. पण यातली एक गोष्ट आज तुमच्या हातात आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

आज घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुम्ही भावंडं किती, आणि जगली किती? उत्तर ऐकून झालं की बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि कुठली तारीख चुकली आहे ते बघा.