डॅनी बॉयचा जन्मदाखला

२००८ च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कमधल्या एका आयरिश पबने 'डॅनी बॉय' या गाण्यावर महिनाभर बंदी घातली होती. ऐन सेंट पॅट्रिक्स डे चा महिना, अख्खं शहर हिरवं झालेलं, आणि पबमालकाचं फर्मान की इथे हे गाणं म्हणायचं नाही. कारणं काय, तर एक म्हणजे ते फार रडकं आहे, आणि दुसरं म्हणजे ते मुळात आयरिशच नाही, एका इंग्रजाने लिहिलंय.

तो पब २०२० साली बंद पडला. ही दोन कारणं मात्र काही बंद पडली नाहीत. कुठेही हे गाणं लागलं की घोळक्यात एक हुशार माणूस असतोच, हातातला ग्लास जरा वर उचलून "अ‍ॅक्चुअली..." असं सुरू करणारा. आज मला या अ‍ॅक्चुअलीवाल्यांशी भांडायचंय.

त्यांची माहिती चुकीची आहे का? अजिबात नाही! फ्रेड वेदर्ली हा व्यवसायाने वकील, सॉमरसेटचा, पक्का इंग्रज. त्याने १९१० मध्ये हे शब्द लिहिले ते वेगळ्याच चालीवर, आणि ते काही चाललं नाही. मग अमेरिकेत कोलोरॅडोत राहणाऱ्या त्याच्या वहिनीने, मार्गारेटने, त्याला एक चाल धाडली. १९१३ मध्ये ते जुने शब्द या चालीवर बसवून गाणं छापलं गेलं. ती चाल मात्र आयरिश. लिमावाडी गावच्या जेन रॉस या बाईंनी ती टिपून घेतलेली, आणि १८५५ साली जॉर्ज पेट्री यांच्या संग्रहात छापलेली. म्हणजे उत्तर आयर्लंडमधून निघालेली चाल, कोलोरॅडो मुक्कामी एक बाई, आणि इंग्लंडमधला एक वकील. आमच्या भाषेत सांगायचं तर हे फोर्कचं फोर्क आहे. आता तुम्ही 'गिट ब्लेम' मारून पहिल्या ओळीवर कुणाचं नाव येतं ते बघणार, आणि त्यावरून प्रॉडक्ट कुणाचं ते ठरवणार?

बरं, ठरवा. पण मग हीच परीक्षा सगळ्यांना लावा की राव. 'व्हेन आयरिश आईज आर स्मायलिंग' १९१२ सालचं, न्यू यॉर्कच्या नाटकधंद्यातलं. चाल देणारा क्लीव्हलंडचा, शब्द लिहिणाऱ्यांपैकी एक बफेलोचा. बाद. 'आय'ल टेक यू होम अगेन, कॅथलीन' १८७० च्या दशकात इंडियानातल्या एका शिक्षकाने लिहिलं, त्याचा आयर्लंडशी संबंध नाही. बाद. 'डर्टी ओल्ड टाउन' म्हणजे इंग्लंडमधलं सॅलफर्ड, बाद. 'फ्रॉम क्लेअर टू हिअर' लिहिणारा राल्फ मॅकटेल इंग्रज, बाद. आणि ते पांढरे जाडजूड अ‍ॅरन स्वेटर, जे घातल्याशिवाय आयरिश लोकगायक शोभत नाही म्हणतात? न्यू यॉर्कच्या थंडीत गाणाऱ्या क्लॅन्सी बंधूंना त्यांच्या आईने काळजीपोटी पाठवलेले स्वेटर ते, त्यांच्या मॅनेजरला आवडले म्हणून युनिफॉर्म झाले. आईची काळजी आणि मॅनेजरची नजर. आता हे अस्सल धरायचं की नक्कल, ते त्या ग्लासवाल्यालाच विचारा.

मी दोन वर्षं डब्लिनला प्रोजेक्टवर होतो. टीममध्ये एक टेस्टर होता, मेयो काउंटीतला. त्याच्या आजीची सात भावंडं बाहेर गेली, काही इंग्लंडला, काही अमेरिकेला. १९५० च्या दशकात तो देश अक्षरशः रिकामा होत होता. चार लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या खाली. रविवारी जेवणं झाली की आजी भांडी घासता घासता डॅनी बॉय म्हणायची. फक्त भांडी घासताना, कारण तेव्हा तिची पाठ सगळ्यांकडे असायची. हे तोच म्हणाला, मी नाही. मी त्याला एकदा डिवचलं, हे इंग्रज वकिलाने लिहिलंय माहितीये ना? त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आजीला कुठे वकील करायचा होता?"

याच्यावर काय बोलणार तुम्ही? गाणं कुठे जन्मलं ते छापील कागदावर मिळतं. ते कुठल्या मोरीपाशी, कुणाच्या मयताला, किती वर्षं म्हटलं गेलं ते कुठेच छापलेलं नसतं, आणि माझ्या मते मालकी त्यावरून ठरते.

अ‍ॅक्चुअलीवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. या गोड गोड गाण्यांच्या गर्दीत मूळचं शॉन-नोस गाणं मागे पडलं. शॉन-नोस म्हणजे आयरिश भाषेतलं, कुठल्याही वाद्याशिवाय एकट्याने म्हणायचं जुन्या वळणाचं गाणं. जो हीनी हा त्यातला फार मोठा गायक, कॉनेमारातल्या कार्नाचा. हा माणूस मॅनहॅटनमधल्या एका अपार्टमेंट बिल्डिंगच्या दारात दरवान म्हणून उभा राहायचा! पुढे सिएटलच्या विद्यापीठात शिकवायला लागला, १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, १९८४ मध्ये गेला. पण यात चूक कुणाची? भांडी घासणाऱ्या आजीची? १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सगळ्यात जास्त माणसं मेली आणि बोटीत बसली ती पश्चिमेची, म्हणजे जिथे आयरिश बोलली जायची तिथली. १८४१ च्या खानेसुमारीत देशात ८२ लाख लोक होते, १८५१ ला ६५ लाख. भाषा हातातून गेलेल्या माणसांनी दुसऱ्या भाषेत जे मिळेल ते गाणं धरलं. त्यांना आता अस्सलपणाचा दाखला मागायचा, म्हणजे घर जळालेल्या माणसाकडे लाइट बिल मागण्यासारखं आहे.

दुष्काळावरून 'द फील्ड्स ऑफ अथेनराय'. पुष्कळ लोक याला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं लोकगीत समजतात, पण ते पीट सेंट जॉनने १९७९ मध्ये लिहिलंय. त्यात ज्या ट्रेव्हेलियनचा मका चोरल्याबद्दल माणसाला काळ्या पाण्यावर धाडतात, तो चार्ल्स ट्रेव्हेलियन आपल्या ओळखीचा निघतो, बरं का. आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, मेकॉलेचा मेहुणा, आणि दुष्काळानंतर १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर. सगळ्या भारतीय भाषा रोमन लिपीत लिहाव्यात असा त्याचा आग्रह होता. (मोबाइलवर 'kasa ahes' टाइप करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) तर हे १९७९ चं 'नवं' गाणं. २०१२ च्या युरो कपात स्पेनकडून ४-० ने हरत असताना शेवटच्या मिनिटांत आयरिश प्रेक्षकांनी ते जे धरलं ते सोडलंच नाही. तेव्हा त्या स्टेडियममध्ये कुणी कॉपीराइटचं साल विचारलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख, ते 'किलकेली'. पीटर जोन्स नावाच्या एका अमेरिकन माणसाला आईवडिलांच्या घराच्या माळ्यावर पत्रांचा गठ्ठा सापडला. त्याच्या खापरपणजोबांना, जॉन हंटना, मेयोतल्या किलकेलीहून आलेली पत्रं. पाठवणारे जॉनचे वडील. पण त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते गावच्या मास्तरांना सांगायचे आणि मास्तर लिहायचे. पीटर जोन्सने यातून गाणं केलं. पाच कडवी, म्हणजे पाच पत्रं, १८६० पासून १८९२ पर्यंत. फार काही घडत नाही त्यात. कुणाचं लग्न झालं, बटाट्याचं पीक कसं आलं, तू पाठवलेले पैसे पोचले, आई गेली. प्रत्येक पत्रात भेटीची आस, आणि प्रत्येक पत्रागणिक वडील दहा वर्षांनी म्हातारे. शेवटचं पत्र वडिलांचं नाही, भावाचं आहे. ते कशाबद्दल असणार हे तुम्हाला कळलंच असेल.

जन्मदाखला बघितला तर हे गाणं अमेरिकन, आयर्लंड सोडून चार पिढ्या झालेल्या माणसाने १९८० च्या दशकात केलेलं. अस्सलवाल्यांच्या चाळणीतून हेही खाली पडतं. पण आयर्लंड सोडून गेलेल्यांबद्दल याच्याइतकं खरं गाणं मला तरी माहीत नाही. आणि ते आयर्लंडमध्ये राहिलेल्या माणसाला सुचणं अवघडच होतं, कारण पत्रं जिकडे पोचली तिकडेच जपली जाणार ना! जॉनने काय उत्तरं लिहिली ते गाण्यात नाही. माळ्यावर फक्त आलेली पत्रं होती.

राहता राहिलं ते रडकेपणाचं. पबमालकाला गिऱ्हाईक खूश हवं, त्याचा धंदा आहे तो, समजू शकतो. पण ज्या देशात मुलगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री घरात जागरण करायचे आणि त्याला सरळ 'अमेरिकन वेक' म्हणायचे, वेक म्हणजे मयतापाशी जागतात ते, त्या देशाच्या गाण्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? आणि गंमत बघा, पबात सगळ्यात जास्त टाळ्या ज्या गाण्यावर पडतात, ते 'द वाइल्ड रोव्हर', ते दारू सोडल्याचं गाणं आहे. त्याच्यावर बंदी घालायचं मात्र कुणा पबमालकाला सुचलं नाही.

असो. किलकेली ऐकायचं असेल तर मिक मोलोनी आणि रॉबी ओ'कॉनेल यांनी म्हटलेलं शोधा. ऑफिसात हेडफोन लावून ऐकू नका. पाचवं कडवं सुरू व्हायच्या आत कुणीतरी मीटिंगला बोलावतं आणि मग पंचाईत होते.