महाबळेश्वरचा पैसा कुठे मुरतो?

'महाबळेश्वर १८२८ साली सर जॉन माल्कम याने वसवले' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यात काही अपुरे आहे, असे वाटतच नाही. सध्या 'नवीन महाबळेश्वर'ची चर्चा सुरू आहे. अशा वेळी जुने महाबळेश्वर कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या श्रमाने उभे राहिले, हे पाहणे अगत्याचे वाटते. म्हणून हा थ्रेड, थोडा मोठा.

माल्कमच्या कितीतरी आधी या डोंगरावर माणसे येत होती. कृष्णेचा उगम येथला. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली, तीही याच क्षेत्री. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागताचा मेळा भरे. बाहेरून येणाऱ्या माणसावर स्थानिकाची चूल पेटणे ही गोष्ट येथे इंग्रजांनी आणलेली नाही.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला आणि येथील हवेची कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचली. परंतु साताऱ्याहून वर येणारा रस्ता बांधला तो छत्रपती प्रतापसिंहांनी. १८२९ च्या तहाने त्यांनी हा डोंगर कंपनीला दिला आणि मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव घेतले. नव्या वसाहतीला 'माल्कम पेठ' हे नावही त्यांचेच. दहा वर्षांनी कंपनीने त्यांनाच पदच्युत केले. पुढे वेण्णा तलाव बांधला तो त्यांचे बंधू अप्पासाहेब महाराज यांनी, १८४२ मध्ये. आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्यांनी भांडवल घातले त्यांच्या हाती नफा राहिला नाही. पर्यटनाच्या अर्थकारणाचा हा पहिला धडा येथे फार लवकर मिळाला होता.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. गव्हर्नर आणि त्याचा लवाजमा उन्हाळ्यात वर येई आणि पावसाळ्यापूर्वी खाली उतरे. या साहेबी ताटाला भाजी हवी होती. ती पिकवली कोणी? येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांनी! मलाक्का-सिंगापूरकडील वसाहतींतून हद्दपार केलेली ही माणसे. विलायती भाज्या, विशेषतः बटाटा, या डोंगरात रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. वेताच्या टोपल्याही ते विणत. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज त्यांची आठवण 'चायनामन्स फॉल' या एका धबधब्याच्या नावात उरली आहे, आणि तेथे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्या बहुतेकांना तीही ठाऊक नसते.

त्याच काळात दुसरीकडे धावड समाजाच्या लोहभट्ट्या थंडावल्या. हे लोक येथील दगडातून लोखंड गाळीत. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला जंगल लागे. आणि आता जंगल राखायचे होते. जंगल राखणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. पण गिरिस्थान फुलत असताना एक जुना धंदा विझला, हे त्याच्या जमाखर्चात कोठे मांडलेले दिसत नाही.

या जमाखर्चाला उजळ बाजूही आहे, आणि ती मोठी आहे. इंग्रजांच्या हौसेची स्ट्रॉबेरी पुढे शेतकऱ्याचे नगदी पीक झाली. देशातील स्ट्रॉबेरीपैकी ८० टक्क्यांहून अधिक महाबळेश्वर-पाचगणी परिसरातून येते, असे सांगितले जाते; २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मातृरोपे कॅलिफोर्नियाहून येतात, फळ वर महाबळेश्वरात लागते आणि त्याचे जॅम, सरबत पाचगणीत होते. मधाचेही तसेच. मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पर्यटक येथे गिऱ्हाईक म्हणून येतो, पण माल त्याच्या माघारीही विकला जातो. हंगाम बुडाला तरी शेतकरी पूर्ण बुडत नाही.

हॉटेलचे तसे नाही. जमीन एकदाच विकली जाते. तिचा मूळ मालक पुढे त्याच आवारात पहारेकरी होतो, आणि खोलीचे भाडे मुंबई-पुण्यात जमा होते. म्हणून 'पर्यटनाने इतक्या कोटींची उलाढाल होईल' हा आकडा मला एकटा पुरत नाही. त्यातील किती रुपये घाटाच्या वर राहतील, हे मला हवे आहे.

'नवीन महाबळेश्वर'चा आराखडा २३५ गावांचा म्हणून पुढे आला. कोयनेचा शिवसागर आणि कासचे पठार हा त्याचा शेजार. यांतील अनेक कुटुंबांनी कोयना धरणासाठी एकदा जमीन दिलेली आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या माथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात याच तालुक्यातील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पोहण्याच्या तलावांना परवानगी देण्याआधी वाडीच्या नळाचा हिशोब व्हायला नको का?

माझे मत स्पष्ट आहे. येथे जमिनीची विक्री नको, मुदतीचा भाडेपट्टा हवा. पट्ट्याची रक्कम ग्रामपंचायतीत जमा व्हावी, आणि उपाहारगृहांच्या परवान्यात स्थानिक माल घेण्याची अट असावी. तापोळ्यापलीकडे कांदाटी खोऱ्यातील गावांकडे विकायला आज जमिनीखेरीज फारसे काही नाही. त्यांना दुसरे काही पिकवायला, बांधायला आणि विकायला किती वर्षे मिळणार, हे आराखडा मंजूर करताना ठरायला हवे.