मोजणीतून निसटलेली आदिवासी तरुणाई

महाराष्ट्रातील बालविवाहाचा विषय निघाला की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ चा आकडा पुढे येतो : २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांआधी झालेले. पण राज्यात ही पाहणी जून २०१९ मध्ये सुरू झाली आणि टाळेबंदीआधीच संपली. टाळेबंदीचा एकही दिवस तिच्यात नाही.

मार्च २०२० मध्ये आश्रमशाळा बंद झाल्या आणि मुले पाड्यांवर परतली. आश्रमशाळा म्हणजे फक्त वर्ग नव्हे. आरोग्य तपासणी, लोहाच्या गोळ्या, पाळीबद्दल विचारता येईल अशी एखादी बाई, हेही तिथेच मिळते. शाळेबरोबर तेही बंद झाले. रोजगार बुडालेल्या घरात वयात आलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात.

केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्येच प्रजनन आरोग्य सेवा अत्यावश्यक ठरवल्या होत्या. कागदावर सेवा चालू होती. प्रत्यक्षात एसटी बंद, आणि आशाताई कोविडच्या सर्वेक्षणात. बाळंतपणाची निदान नोंद तरी होते. पण गर्भनिरोधक न मिळालेल्या तरुणीची किंवा गर्भपातासाठी तालुक्याला पोहोचू न शकलेल्या मुलीची नोंद कोणत्या वहीत होणार?

राज्य सरकारने २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला जी माहिती दिली, त्यानुसार १६ आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाले. 'त्यांची प्रथाच तशी' म्हणून हा आकडा झटकता येणार नाही. शाळा, वाहतूक आणि दवाखाना एकाच वेळी बंद करण्याचा निर्णय प्रथेने घेतला नव्हता.

त्यात कायद्याची भीती. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवावे लागते, म्हणून कुटुंबे दवाखाना टाळतात. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची माहिती देताना, तिने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. हे किती पाड्यांवर पोहोचले?

संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला होता. तो फेटाळला गेला. हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही, म्हणून तो फक्त आदिवासी संघटनांवर सोडून चालणार नाही.

आम्ही तरुण कार्यकर्त्यांना तीन कामे सुचवतो. आपल्या तालुक्यातील किशोरवयीनांचे मैत्री क्लिनिक खरोखर उघडते का, ते जाऊन पाहा. आश्रमशाळा बंद असतानाही पॅड आणि गोळ्या घरपोच देण्याची लेखी व्यवस्था मागा. आणि आशाताईंच्या मानधनाच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहा. पुढच्या साथीत पाड्यापर्यंत पायी जाणारी पुन्हा तीच असेल.