जिनिव्हाच्या आधी भंडारा

देशात कोठे अमानुष अत्याचार घडला, की ‘आता आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागू’ अशी घोषणा हमखास होते. ती ऐकून काहींना स्फुरण चढते, तर काहींना राष्ट्राचा अपमान झाल्यासारखे वाटते. पण असे न्यायालय भारतीय नागरिकासाठी आहे तरी कोठे?

युरोपचे मानवाधिकार न्यायालय स्ट्रासबर्ग येथे आहे. अमेरिका खंडातील देशांसाठी सान होजे येथे, तर आफ्रिकेसाठी अरुशा येथे अशी न्यायालये आहेत. आशियासाठी एकही नाही. भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली स्वीकारला. परंतु व्यक्तीला थेट तक्रारीची मुभा देणारा त्याचा पूरक करार स्वीकारला नाही. वंशभेदविरोधी कराराचीही तीच स्थिती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांकडे अर्ज करता येतो. पण ते फार तर शासनाला विचारणा करतील, निवाडा देणार नाहीत.

या पार्श्वभूमीवर भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवावी. मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखा भोतमांगे आणि त्यांची कन्या प्रियंका साक्षीदार झाल्या. त्यातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, या मायलेकींची व रोशन आणि सुधीर या दोन्ही मुलांची निर्घृण हत्या झाली. मोहाडी तालुक्यातील त्या गावात कुटुंबप्रमुख भय्यालाल तेवढे वाचले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. हत्या सिद्ध झाली. मात्र ती जातीच्या कारणावरून झाली, हे दोन्ही न्यायालयांनी मान्य केले नाही. भय्यालाल २०१७ मध्ये निवर्तले.

खैरलांजीला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा फेब्रुवारी २००७ मध्ये जिनिव्हात वंशभेदविरोधी समितीसमोर भारताचा अहवाल चर्चेला आला. जात म्हणजे वंश नव्हे, ही आपल्या शासनाची भूमिका होती. समितीने ती अमान्य केली. शब्दार्थाच्या त्या वादात आपली बाजू कितीही बिनतोड असली, तरी खैरलांजीच्या कालव्यातील चार मृतदेहांना त्याचे काय? घरातील केर परक्याने दाखवू नये असे वाटत असेल, तर घरच्यांनीच केरसुणी उचलली पाहिजे.

विशेष म्हणजे, ज्या स्ट्रासबर्गचे दाखले दिले जातात, तेथील पहिला नियमच सांगतो : आधी स्वदेशातील सर्व न्यायमार्ग पूर्ण करा. म्हणजे जगातही न्यायाचे पहिले दार गावच्या ठाण्याचेच. आपल्या १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात सत्र न्यायालयाला मानवाधिकार न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद आहे. पण त्याने नेमके कोणते गुन्हे चालवावेत, हे कायदा स्पष्ट करत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला वर्षापूर्वीच्या घटनेची चौकशी करता येत नाही आणि तो केवळ शिफारस करू शकतो. या उणिवा दूर करणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

ते अशक्य नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ ची दुरुस्ती हे त्याचे उदाहरण. गंभीर गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ घडल्याचे सिद्ध करण्याची जुनी अट बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे आता पुरेसे आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाचे दायित्वही शासनावर आले. सुरेखाबाई साक्षीदारच होत्या, हे विसरता येणार नाही.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभूत करणारा हा भंडारा. ज्यांनी राज्यघटना दिली, त्यांच्या ऋणातून मुक्त होण्याचा मार्ग एकच : साक्ष देणारी शेतकरी स्त्री सायंकाळी आपल्या घरी निर्धास्त राहिली पाहिजे. ज्या राष्ट्रात ही हमी आहे, त्याच्या नागरिकाला परक्या दाराशी जाण्याची वेळ येत नाही. आणि जेथे ती नाही, तेथे सार्वभौमत्वाचा अभिमान पोकळ ठरतो.