चार दिवसांची विक्री म्हणजे मार्केट नव्हे!



आजचा विषय ऐकून अर्धे लोक पळतील, म्हणून आधीच सांगतो. आज गणित आहे. पण बारावीचं नाही, गल्ल्यातलं.

मागच्या महिन्यात बॅचमधल्या एका ताईंनी फोन केला. थालीपीठ भाजणीची पाकिटं करतात. प्रदर्शनात चार दिवस स्टॉल लावला होता. "सर, पहिल्या दिवशी ४२ पाकिटं, मग १८, रविवारी ६५ आणि शेवटच्या दिवशी ३१. सरासरी ३९! कर्जाचा हप्ता आणि खर्च भागायला रोज २५ पुरेत. सोनं गहाण ठेवून पॅकिंग मशीन घेऊ ना?"

सोनं म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो.

आपल्या क्षेत्रात "घ्या उडी, होईल सगळं" असं सांगणारे खूप आहेत. टाळ्याही त्यांनाच जास्त मिळतात. पण माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे भांडवल कमी, त्यालाच आकडेशास्त्राची गरज जास्त. मोठी कंपनी एक चुकीचं मशीन पचवते. आपल्याकडे ते मशीन म्हणजे घरातलं सोनं असतं.

आणि गंमत म्हणजे, "थोड्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा" याचं उत्तर एका धंद्यातूनच आलं. विल्यम गॉसेट नावाचा माणूस १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला लागला. बार्लीचं कुठलं वाण चांगलं, हॉप्सचा दर्जा कसा, हे ठरवायचं होतं. पण हातात नमुने मोजकेच, आणि त्या काळच्या गणिताला भरपूर नमुने लागायचे. गॉसेटने मोजक्या नमुन्यांसाठी हिशेब मांडला आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. त्यातूनच पुढे टी-टेस्ट आली. आज औषधांपासून शेती, मानसशास्त्र, शिक्षण, सगळ्या संशोधनांत ती वापरतात.

ताईंचे चार आकडे मी याच पद्धतीने मोजले. सरासरी ३९, बरोबर. पण दिवसादिवसांत चढउतार एवढे, की खरी सरासरी साधारण ७ ते ७१ यांच्यामध्ये कुठेही असू शकते! हप्ता भागतो २५ वर. म्हणजे मशीन सोन्याचं अंडं देईल किंवा सोनं घेऊन जाईल. या चार दिवसांवरून ते सांगता येत नाही.

हेच चढउतार धरून २० दिवसांचे आकडे असते आणि सरासरी तीच ३९ आली असती, तर अंदाज आला असता साधारण ३० ते ४८. तेव्हा मी म्हटलं असतं, ताई, घ्या मशीन.

पण थांबा, दुसरा घोळ याहून मोठा आहे. तो दाखवला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. शेतात पीक किती येईल याचा अंदाज काढायला शेताचा छोटा तुकडा आखतात, तेवढंच कापतात आणि वजन करतात. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की तुकडा फार छोटा असेल तर उत्पन्न फुगून येतं. का? कडेवरची रोपं माणूस नकळत आत धरतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला क्षेत्र एक चौरस मीटर आणि कड चार मीटर. दहा बाय दहाला क्षेत्र शंभर, पण कड फक्त चाळीस. तुकडा छोटा, की कडेची चूक मोठी.

आता सांगा, आपल्या विक्रीतली "कडेची रोपं" कोण? मावशी, शेजारीण, बचत गटातल्या मैत्रिणी! मी ताईंना विचारलं, "ओळखीच्यांनी किती घेतली?" त्यांनी आठवून आठवून मोजलं. १५६ पैकी ६४. उरली ९२. भागिले चार, २३. म्हणजे २५ च्या खाली.

फोनवर दोन मिनिटं कोणीच बोललं नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आकडे कमी असतील तर दिवस वाढवून दुरुस्ती होते. पण आकडेच एका बाजूला झुकलेले असतील तर शंभर दिवस मोजूनही चूक तशीच राहते. मावशी शंभर दिवस घेत राहिली तरी ती मावशीच!

मग करायचं काय? तीन कामं.

एक, किमान २० दिवस विक्री लिहा, आणि तीही साध्या दिवसांची. प्रदर्शन, सण, जत्रा वेगळ्या पानावर.

दोन, वहीत दोन रकाने करा: ओळखीचे आणि अनोळखी. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आला तर त्यापुढे खूण करा. ती खूण म्हणजे खरी कमाई.

तीन, "इतकी पाकिटं खपली तरच मशीन" हा आकडा आधीच लिहून ठेवा. औषधांच्या चाचण्यांतही हीच शिस्त आहे. काय मोजणार ते आधी नोंदवायचं. भारतात २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. कारण निकाल बघून नियम बदलायचा मोह भल्याभल्यांना होतो, आपल्याला तर होणारच.

"सर, एवढ्यात संधी गेली तर?" हा प्रश्न येणार. माझं उत्तर: जो माल वीस दिवस टिकून खपत नाही, तो मशीन आल्यावर कसा खपेल? आणि हो, प्रत्येक गोष्टीला हे करत बसू नका. पाचशे रुपयांत नवी चव करून बघायची असेल तर सरळ करून बघा. वही काढायची ती बुडाले तर झोप उडेल अशा पैशांसाठी.

ताईंनी मशीन घेतलेलं नाही. दोन किराणा दुकानांत पाकिटं ठेवली आहेत, आज अकरावा दिवस. निकाल काय येईल मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण सोनं अजून कपाटात आहे आणि वही रोज भरतेय.

तुमची वही कुठे आहे? आजच काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.